रंजिता नाखवा उघडायच्या आधी विचारते

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरला शेवटचा हात कोणी लावला? घाईने बोलू नका. "कोणीच नाही" असं तर चुकूनही म्हणू नका. ते उत्तर मी दिलं होतं, एका बाईच्या तोंडावर तीनदा दिलं होतं, आणि त्यापायी एकतीस कोळणींची बाजारातली जागा जाता जाता राहिली.

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईचं नाव रंजिता नाखवा. पनवेलच्या खांदा कॉलनीत पिठाच्या गिरणीला लागून जिन्याखाली तिचा गाळा आहे. एक टेबल, एक पंखा, एक स्टूल आणि भिंतीला लागून पोटं उघडी टाकून पडलेले कॉम्प्युटर, एवढाच पसारा. गिरणी सुरू झाली की सगळ्यावर पिठाचा हलका थर बसतो, रंजितासकट. दुपारी चारपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. बाहेर पत्र्याची पाटी: "रंजिता कॉम्प्युटर. आधी सांगा, मग उघडू." नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, ही फक्त तक्रार सांगायला सांगतेय. आत गेल्यावर कळतं की आपली उलटतपासणी आहे.

"काय झाला?"

"ताई, मध्येच बंद पडतो."

"शेवटचा हात कोनाचा लागला?"

"कोणाचाच नाही हो!"

मग ती डिसमिस उचलते, कॅबिनेटच्या पहिल्या स्क्रूवर टेकवते, पण फिरवत नाही. तसंच धरून पुन्हा विचारते. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेला माणूस बहुतेक फुटतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शपथेवर सांगितलं होतं की कीबोर्डवर सरबत सांडलेलं नाही. तिसऱ्या वेळी कबूल झाले की सांडलं होतं, आणि ते जाण्यासाठी त्यांनी कीबोर्ड नळाखाली घासणीने घासला होता. एका वकीलबाईंच्या कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरत होता, त्यांनी त्यात खोबरेल तेल सोडलं होतं. रंजिता अशा वेळी रागवत नाही. मान हलवते आणि म्हणते, "बरा झाला, सांगितलाव." आणि कामाला लागते.

हा नियम तिच्या बापाचा. काशिराम नाखवा उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या एका लाँचवर इंजिन सांभाळायचे. शाळेला सुट्टी असली की रंजिता इंजिनाशेजारच्या फळीवर बसून असायची. भर समुद्रात लाँच बंद पडली, की काशिराम आधी पाना उचलायचे नाहीत. खलाशांना बोलवायचे आणि विचारायचे, "काल याला हात कोनी लावला?" इंजिन उघडायच्या आधी जो बोलेल त्याला माफ, वर एक शब्द नाही. उघडल्यावर सापडलं, तर मात्र त्याने वर डेकवर जायचं आणि सगळ्या उतारूंसमोर मोठ्याने सांगायचं की मी काय केलं. एक खलाशी असाच डेकवर उभा राहून ओरडला होता की डिझेलच्या फिल्टरची जाळी त्याने चहा गाळायला नेली होती. उतारूंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ज्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला होता त्यांनी नाही वाजवल्या.

"भर पान्यात खोटा बोलून चालत नाय," रंजिता सांगते. "तिथं बुडाला तं सगलेच बुडतात, खरा बोलनारा पन."

बारावी झाल्यावर ती उरणकडे एका कंटेनर यार्डात आकडे भरायला लागली. तिथले कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा बसायचे आणि इंजिनिअर पंधरा दिवसांनी उगवायचा. एके दिवशी वैतागून तिने स्वतःच झाकण काढलं. "आत बघितला तं इंजिनापेक्षा सोपा. तेल नाय, धूर नाय, बोटा भाजत नाय." लग्न होऊन खांदा कॉलनीत आली, नवरा ट्रेलर चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. बाईने गाळा घेतला आणि पाटी लावली. पहिली दोन वर्षं लोक आत डोकावून विचारायचे, "मेकॅनिक कधी येणार?" ती म्हणायची, "बसा, आलाच." आणि त्यांच्यासमोर स्क्रू काढायला लागायची.

आता माझं सांगणं भाग आहे.

मी दहावीनंतर शाळा सोडली. कायदा स्वतः शिकलो, अर्ज लिहायला स्वतः शिकलो, टायपिंग स्वतः शिकलो. पनवेलपासून उरणपर्यंत अशी कचेरी नाही जिथे माझा माहिती अधिकाराचा अर्ज पडलेला नाही. माहिती दडवणाऱ्या माणसाची मला चीड आहे आणि ती मी दडवत नाही. लोक म्हणतात मी भडकू आहे. लोकांचं काम झालं की तेच लोक पेढे घेऊन येतात. असो. सगळे मला भाऊ म्हणतात, रंजिता मात्र पुढारी म्हणते. मला हा शब्द आवडत नाही, हे मी तिला सांगितलं. तेव्हापासून ती प्रत्येक वाक्यात घालते.

प्रकरण मासळी बाजाराचं होतं. नवे ओटे बांधून झाले आणि एका कार्यालयाने (नाव घेत नाही, त्याचं कारण शेवटी कळेल) ते कोणाला द्यायचे याची नवी यादी लावली. जुन्या बाजारात चौसष्ट बायका बसत होत्या. नव्या यादीत तेहतीस. एकतीस जणी उडाल्या. त्यात रंजिताची मावशी सत्यवती. तीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसणारी, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता न बघता कोळंबी सोलणारी. सुनावणी शुक्रवारी दुपारी तीनला. त्या दिवशी पुरावा दिला नाही, तर ओटे दुसऱ्यांना जाणार. सत्यवतीमावशी मला म्हणाली होती, "भाऊ, माजी पाटी डोक्यावर हाय, खाली ठेवायला जागा पायजे. बास."

मी पुरावे गोळा केले. असे तसे नाही. बाजाराचे जुने पास, तीस वर्षांचे फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं, शेजाऱ्यांचे जबाब, माहिती अधिकारात मिळवलेली जुनी यादी. स्कॅन केलेली अकराशे चाळीस पानं. ती सगळी एका फाईलमध्ये लावायची, अनुक्रमणिकेसह, म्हणजे साहेबाला पळायला वाट राहणार नाही. माझा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. चारशेव्या पानाला त्याला धाप लागायची आणि तो थिजायचा. म्हणून सोमवारी मी नवी रॅम आणली. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा समजा, जेवढा मोठा तेवढा माल एका वेळी मांडता येतो. बसवायला कोणाला बोलावलं नाही. कायदा स्वतः शिकलेल्या माणसाला एक पट्टी बसवता येणार नाही?

इथपर्यंत सगळं मी उघड सांगत होतो. यापुढचं मी लपवलं.

आमच्या आईची पद्धत होती, घरात कुठलंही यंत्र आलं की आधी हळदकुंकू आणि अक्षता, मग वापर. शिलाई मशीन, पाण्याचा पंप, माझा पहिला सेकंडहँड टाइपरायटर, कोणी सुटलं नाही. आई जाऊन नऊ वर्षं झाली. रॅमची डबी फोडली आणि माझे पाय आपोआप देव्हाऱ्याकडे गेले. आता अडचण बघा. गेल्याच वर्षी एका सरकारी गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची मी भर रस्त्यात कापून काढलं होतं, "जनतेच्या गाडीला अंधश्रद्धेचं इंजिन नको" अशी घोषणा दिली होती, आणि फोटो छापून आला होता. तोच मी, दार लावून, बायको बँकेत गेली आहे याची खात्री करून, ओल्या बोटाने रॅमला हळद लावत होतो.

लावायची कुठे, हाही प्रश्न होता. हिरवी पट्टी, तिच्यावर काळे ठोकळे आणि खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ. शुभ म्हटलं तर सोनं. पाच बोटं सोन्यावर टेकवली. कुंकूही लावलं, पण ते फारच दिसायला लागलं म्हणून रुमालाने पुसलं. उघड्या कॅबिनेटवर चार अक्षता टाकल्या, तीन दिसल्या त्या उचलल्या. व्हिडिओत बघून रॅम खाचेत दाबली, खट्ट आवाज आला, मशीन सुरू झालं. हात जोडले.

बाराव्या मिनिटाला निळी स्क्रीन. पुन्हा सुरू केलं, फाईल उघडली, दोनशे पानांवर पुन्हा निळी. साधं पत्र टाईप केलं तर चालतंय, मोठी फाईल उघडली की मरतंय. मंगळवारी सकाळी मी कॅबिनेट रिक्षात घालून रंजिताकडे नेलं.

"काय झाला, पुढारी?"

"मोठी फाईल उघडली की निळा पडतो. काल नवी रॅम घातली. स्वतः बसवली."

"बरा. आनि काय केला?"

"आणखी काही नाही."

तिने डिसमिस स्क्रूवर टेकवला. "शेवटचा हात कोनाचा लागला?"

"माझाच. रॅम बसवली. बाकी कोणीच काही केलेलं नाही."

"नक्की?"

"अगं, मी माणसांकडून खरं काढतो, माझ्याकडून कसलं काढतेस? उघड!"

मोजा. तीन झाले. तिने स्क्रू फिरवला.

नवी रॅम काढली, मशीन नीट चाललं. परत घातली, निळी स्क्रीन. "पट्टीच खराब असेल," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कपाटातली चांगली रॅम त्याच खाचेत घातली. तीही मेली. "म्हंजे खाच खराब." मग माझी नवी रॅम दुसऱ्या, जुन्या खाचेत लावून पाहिली. निळी स्क्रीन. मग त्या जुन्या खाचेत पुन्हा माझी जुनी रॅम घातली, जी बारा वर्षं तिथेच सुखाने नांदत होती. मशीनने तीन शिट्ट्या मारल्या आणि उठायचंच सोडून दिलं.

रंजिता स्टुलावर बसली. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सकाळी एक दुखना होता," ती म्हणाली. "आता तीन झाले. पसरतंय."

"व्हायरस असेल," मी म्हणालो.

"पुढारी, खाचेला सर्दी होत नाय. एका दिवसात तीन वस्तू आपल्या आपन बिघडत नाय. कोनीतरी कायतरी केलंय."

"दुकानदाराने केलं असेल! खराब माल दिला! मी त्याला ग्राहक न्यायालयात..."

"तुमी आधी पाय आपटू नका. स्टूल हलतंय."

देव्हाऱ्यापुढची पाच बोटं मला आठवली, खोटं कशाला बोलू. पण हळदीने कॉम्प्युटर बिघडतो हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. हळद जखमेला चालते, दुधात चालते. मी स्वतःला समजावलं की त्याचा याच्याशी संबंध नाही, मग सांगून उगाच हसं का करून घ्या. अधिकारीसुद्धा फाईल दडवताना मनात हेच म्हणत असणार, हे मला आज कळतं.

मंगळवार गेला. बुधवारी तिने पॉवर सप्लाय बदलून पाहिला, कारण जुन्या सप्लायला नवा भार झेपत नाही असं होतं कधीकधी. फरक नाही. डिस्क काढून तिच्या दुसऱ्या मशीनला लावली, पानं सगळी शाबूत दिसली, पण तिच्याकडची मशीनं माझ्या मशीनपेक्षा म्हातारी, त्यांना शंभर पानांवर घाम फुटायचा. तेवढ्यात तिची नजर जुन्या यादीवर पडली. बराच वेळ बघत बसली.

"पुढारी, या एकतीस जनी चौतीसपासून चौसष्टपर्यंत एका ओळीत हायेत. मधली एक पन सुटली नाय. एका ओळीत कशा पडल्या?"

"राजकारण," मी म्हणालो. "तुला नाही कळायचं. तू मशीन बघ."

बुधवारी संध्याकाळी घरी गेलो तर वसुंधरा, माझी बायको, दारातच हातात वाटी घेऊन उभी.

"देव्हाऱ्यातली हळदीची वाटी तुझ्या टेबलाच्या खणात काय करतेय?"

"खोकला. दुधात घ्यायला."

"आणि अक्षता पण दुधात घेतोस?"

मी खोकून दाखवलं. ती बँकेत आहे, खोट्या सह्या लांबून ओळखते. एवढंच म्हणाली, "रंजिताला सांगितलंस ना?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे!"

"ओरडतोयस म्हणजे आहे," असं म्हणून ती आत गेली.

गुरुवार उजाडला. सुनावणीला एक दिवस. मी गाळ्यात पोचलो तेव्हा रंजिताने कॅबिनेट पूर्ण रिकामं केलं होतं, मदरबोर्डही बाहेर. दुपारच्या सुमाराला सत्यवतीमावशी पाटी उतरवून भाचीसाठी डबा घेऊन आली आणि पायरीवर बसली. तिला काही विचारायचं होतं पण विचारत नव्हती. नुसती त्या सुट्या भागांकडे बघत होती, जसं कोणी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघतं.

"व्हईल का ग?" शेवटी तिने विचारलंच.

"बघू, मावशे."

रंजिताने रिकामं कॅबिनेट उचललं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर उलटं करून ठोकलं. धूळ पडली. एक जुना स्क्रू पडला. आणि टिक्‌ असा आवाज करून एक दाणा पडला. तांदळाचा, अख्खा, लालभडक.

गिरणी नेमकी त्याच वेळी थांबली.

"पुढारी," रंजिता हळू आवाजात म्हणाली, "यो तांदूळ कुठला?"

"उंदीर," मी म्हणालो. "उंदरांनी आणला असेल."

"उंदीर कुंकू लावून जेवतो?"

सत्यवतीमावशीने पदर तोंडाला लावला. रंजिताने माझी नवी रॅम उचलली, खिडकीशी नेली, सोनेरी दातांवरून नख फिरवलं आणि नख माझ्यासमोर धरलं. पिवळं.

तेव्हा मला कळलं ती तीन दिवस का फसली. हळद लावली होती सोन्यावर. पिवळ्यावर पिवळं. कुंकू दिसलं असतं, ते मी पुसलं होतं. पनवेलच्या दमट हवेत ती हळद ओली राहिली, दातांवर तिचं लिंपण झालं, आणि ज्या ज्या खाचेत ती रॅम गेली, त्या त्या खाचेला हळद लागत गेली. एका लग्नघरात सगळ्यांना लागते तशी.

"जुन्या पट्टीचे दात खोडरबरानं घासतात, नव्या कोऱ्या पट्टीला खोडरबर कोन लावतो?" रंजिता स्वतःलाच म्हणत होती. "मी आधी तेच केला असता. पन तुमी बोललाव काय केला नाय. एक नाय, तीन वेळा बोललाव."

मी सगळं सांगितलं. आई, देव्हारा, पाच बोटं, रुमाल. लिंबू-मिरचीचा फोटो तिच्याच दुकानात कात्रण करून लावला होता, मी त्याच्याकडे पाठ करून बोललो.

मावशी सगळं ऐकून म्हणाली, "भाऊ, हलद लावून मासा तलतात. मशीन नाय." आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. गिरणीवाला डोकावून गेला. त्यालाही तिने सांगितलं.

रंजिता हसली नाही. तिने दप्तरातला असतो तसा साधा खोडरबर घेतला आणि रॅमचे सोनेरी दात एकेक करून घासले. खाचांमध्ये स्पिरिट लावलेला मऊ ब्रश फिरवला, तीन वेळा. सगळं परत जोडायला दीड तास गेला. चार वाजता बटण दाबलं. फाईल उघडली. चारशे पानं, सातशे, अकराशे चाळीस. मशीन शांत. मावशीने हात जोडायला उचलले आणि रंजिता ओरडली, "लांबून!"

फाईल पेन ड्राइव्हवर घेतली. मी घाम पुसून निघायला लागलो.

"थांबा, पुढारी. लाँचचा नियम म्हाईत हाय ना? उघडल्यावर सापडला. आता डेकवर जाऊन ओरडायचा."

"इथे कुठे डेक?"

"तुमी बघा. पन सगल्यांना कललं पायजे. तांदूळ पन."

"सुनावणी होऊ दे," मी म्हणालो. तारखा मागायची सवय मला कचेऱ्यांनीच लावली आहे.

शुक्रवारी तीन वाजता आम्ही हजर. मागे एकतीस जणी भिंतीला लागून उभ्या, सगळा हॉल बोंबलाच्या वासाने भरलेला. टेबलामागे साहेब, बाजूला नवा कोरा सरकारी कॉम्प्युटर, आणि त्याच्यामागे कमळाकर नावाचे कारकून, निवृत्तीला आलेले, चष्म्याची दोरी गळ्यात. माझी फाईल उघडायला रंजिताला त्याच कॉम्प्युटरसमोर, कमळाकरांशेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी भाषणाचा पहिला शब्द घशात तयार ठेवला होता. "षड्‌यंत्र" हा तो शब्द.

रंजिताने पेन ड्राइव्ह लावला. बोट बटणावर ठेवलं. दाबलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "उघडायच्या आधी एक विचारू? या यादीला शेवटचा हात कोनी लावला?"

"काय संबंध?" साहेब म्हणाले. "यादी कार्यालयाने केली."

"कार्यालयाला हात नसतात. यो कॉम्प्युटर नवा दिसतोय. जुनी यादी यात कोनी चढवली?"

मी तिला कोपराने ढोसलं. ती माझ्याकडे बघेना. बोट तसंच बटणावर.

"आमच्या मोऱ्याला नियम हाय, साहेब. उघडायच्या आधी जो सांगेल, त्याला माफ. उघडल्यावर मंग पुढारी बोलतील. अकराशे चाळीस पाना हायेत. त्यांनी अनुक्रमनिका पन केलीय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढली. साहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. मला भरून आलं.

आणि कमळाकर उभे राहिले.

"मी चढवली," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्या बायकांनी "काय, काय?" केलं. "नवा कॉम्प्युटर आला, सगळ्या जुन्या याद्या त्यात पुन्हा टाईप करायला सांगितल्या. ही यादी दोन पानांची होती. पहिलं पान झालं, दुपारची सुट्टी झाली. परत आलो आणि पुढची यादी घेतली. दुसरं पान..." त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि एक पिवळा कागद काढला. "लक्षात आलं तेव्हा यादी बाहेर लागली होती, ओरडाआरडा सुरू झाला होता. हे भाऊ षड्‌यंत्र षड्‌यंत्र म्हणत होते. मला वाटलं आता बोललो तर मीच षड्‌यंत्र."

चौतीसपासून चौसष्ट. एका ओळीत. चौतिसावं नाव सत्यवती.

हॉलमध्ये असा गलका झाला की साहेबांनी घंटी तीनदा वाजवली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. दोन महिने एकतीस घरांची झोप गेली, कोणीतरी ओरडायला पाहिजेच होतं. पण रंजिता खुर्चीतून वळली आणि तिने नुसतं आपलं नख वर धरलं. त्यावर अजून पिवळं होतं. मी तोंड मिटलं.

"बरा झाला, सांगितलाव," ती कमळाकरांना म्हणाली.

साहेबांनी पिवळा कागद हातात घेतला, माझ्या फाईलकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तिथेच हुकूम लिहिला: यादी मूळ चौसष्ट नावांप्रमाणे दुरुस्त. सही, शिक्का, पंधरा मिनिटं. अकराशे चाळीस पानांतलं एक पानही उघडलं गेलं नाही. अनुक्रमणिका कोणी पाहिलीसुद्धा नाही. मी साहेबांना म्हणालो की निदान प्रस्तावना तरी वाचा. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मागच्या दाराने निघून गेले.

आता त्या कार्यालयाचं नाव मी का घेत नाही हे तुम्हाला कळलं असेल. कमळाकर उघडायच्या आधी बोलले, त्यांना माफ. मी उघडल्यानंतर बोललो.

सत्यवतीमावशी आता नव्या ओट्यावर बसते. पहिल्या दिवशी तिने ओट्याला हळदकुंकू लावलं. मला बोलावून दाखवलं आणि म्हणाली, "भाऊ, इथं चालते. दगड हाय." माझा कॉम्प्युटरही उत्तम चाललाय. दर आठवड्याला कोणीतरी मला रस्त्यात थांबवून विचारतं, भाऊ, घरात उंदीर झालेत का? गिरणीवाल्याने काम चोख केलंय.

पण रंजिता म्हणते, ते मोजत नाही, ते दुसऱ्यांनी सांगितलेलं, तुमच्या तोंडचं पाहिजे. मी रविवारच्या सभेत सांगायचं ठरवलं, तर ऐन वेळी माझा घसा बसला. खरंच बसला होता. शेवटी मी म्हणालो, लिहून देतो, छापून घे, पाटीखाली लाव. तिने विचार केला आणि म्हणाली, "चालंल. तांदूळ लिवा. उंदीर पन लिवा." दोन्ही लिहिलेत. हा माझा डेक.

आता तुम्ही. खांदा कॉलनीत असा किंवा आणखी कुठे, कधीतरी तुमचं मशीन बसणार आहे, आणि कोणीतरी हातात डिसमिस घेऊन तुम्हाला विचारणार आहे. माझी एवढीच विनंती आहे: स्क्रू फिरायच्या आत, पहिल्याच वेळेला, काय केलंत ते सांगून टाका.